टाकीकडे पडलेली सावली

कामाच्या पहिल्या दिवशी टॅब चालू केला आणि आतून नाना बोलले. "चला मित्रांनो, प्रयोग करूया!" शिंदखेड्याच्या एसटी स्टँडवर मी एकटीच हसत सुटले. शेजारी मांडीवर मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली बाई जरा सरकून बसली. तिला काय सांगणार, की या काचेच्या आतला माणूस आमच्या गल्लीत राहतो, आणि मी वाचायला शिकले ती त्याच्या पत्रकांवर?

नाना माझ्या नात्यातले कोणी नाहीत. अमळनेरला आमच्या घरासमोर त्यांचं घर. ते विज्ञानाचे शिक्षक होते, आणि शाळा सुटली की पत्रकं लिहायचे. पिवळ्या कागदावर छापलेली, घडीची. ग्रहणात भाजी चिरली तर काय होतं, अंगात येणं म्हणजे काय, पाणी उकळून का प्यावं. प्रत्येक पत्रकाच्या डोक्यावर एकच ओळ असायची: 'कुणी सांगितलं म्हणून नव्हे.' घड्या घालायचं काम गल्लीतल्या आम्हा पोरांचं. माझी घडी सरळ यायची म्हणून नाना मला स्टँडवर वाटायलाही न्यायचे. लोक पत्रक घ्यायचे आणि त्यात शेंगदाणे बांधायचे. उरलेल्या गठ्ठ्यांवर काकू बंब पेटवायच्या. "एवढं तरी पाणी तापतं तुमच्या विचारांनी," म्हणायच्या. नाना हसायचे आणि पुढचं पत्रक लिहायला बसायचे. कोणाला न घाबरणारा माणूस जगात एकच आहे आणि तो आमच्या समोर राहतो, अशी माझी खात्री होती.

त्यातला एक दिवस डोक्यात कायमचा बसला आहे. मे महिना होता. नानांनी सगळी पोरं गच्चीवर चढवली. मधोमध लोखंडी पाइप उभा केला होता, गवंड्याचा ओळंबा लावून अगदी सरळ. "आज सावली पाइपाला सोडून जाणार," ते म्हणाले. आम्ही डोळे फाडून बघत होतो. सावली आखडत आखडत पाइपाच्या बुडाशी गेली आणि खरंच नाहीशी झाली. आम्ही किंचाळलो. नाना अनवाणी होते, गच्ची तव्यासारखी तापलेली, आणि ते या पायावरून त्या पायावर उड्या मारत समजावत होते, "इथून पुढं सूर्य आपल्याला ओलांडून पलीकडं जाणार, उत्तरेला, सातपुड्याच्या अंगाला! मग भर दुपारची सावली इकडं पडेल, दक्षिणेला. आपल्या खानदेशात पडते. दिल्लीवाल्याच्या नशिबात नाही हे!" पुढे कितीतरी दुपारी आम्ही खात्री करायला गच्चीवर जात होतो. सावली खरंच फिरली होती.

म्हणून "आमच्या कामात ये" असं नाना म्हणाले तेव्हा मी विचारसुद्धा केला नाही. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी टॅबवर 'आभासी प्रयोगशाळा', असं ते काम. मूळ कार्यक्रम कुठल्यातरी थंड देशातला. त्याचं मराठी नानांनी केलं, आणि आवाजही त्यांचाच. मी टॅबची पेटी घेऊन शिंदखेडा तालुक्यातल्या शाळांमध्ये फिरायचे. पोरं मला 'टॅबवाली ताई' म्हणायची.

ते काम वाईट नव्हतं, हे मला लिहिलंच पाहिजे. ज्या शाळेत प्रयोगाचं साहित्य म्हणजे कुलूपबंद कपाट आणि कपाटात उंदराच्या लेंड्या, तिथे पोरं बोटानं तार ओढून दिवा लावत होती. हृदयाच्या कप्प्यांमधून रक्त पळताना बघत होती. एकानं मला विचारलं होतं, "ताई, आठे शॉक नई लागस का?" इथे नाही लागत म्हटल्यावर त्यानं दोन्ही तारा एकत्र चिकटवल्या आणि पडद्यावर धूर निघाला तेव्हा सगळा वर्ग बाकांवर चढला. चुकलं की नानांचा आवाज यायचा, "अंहं. पुन्हा विचार कर." जमलं की, "शाब्बास!" पोरं त्या आवाजाच्या प्रेमात होती. त्यांना नाना म्हणजे टॅबच्या आत राहणारे आजोबा वाटायचे.

दोंडाईच्याच्या अलीकडे एक गाव आहे. तिथल्या सातवीत एक मुलगी होती, जिला सगळी शाळा 'कसाले' म्हणून चिडवायची. कसाले म्हणजे अहिराणीत कशासाठी. काहीही सांगा, तिचा हाच प्रश्न. तिच्या वर्गाच्या बाई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "ही आमची कसाले. हिच्यापुढं तुमच्या टॅबचं चार्जिंग संपेल, हिचं नाही संपणार."

जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्या वर्गात 'दुपारची सावली' हा खेळ निघाला. पडद्यावर अंगण, अंगणात काठी, वर सूर्य. बोटानं सूर्य सरकवायचा, महिना बदलायचा, सावली लांब-आखूड होते. शेवटी लावलेल्या महिन्याचा प्रश्न, नानांच्या आवाजात: "जून महिन्यात, भर दुपारी, तुमच्या शाळेच्या अंगणातल्या काठीची सावली कोणत्या दिशेला पडेल?"

कसालेनं 'दक्षिणेकडे' दाबलं.

"अंहं. पुन्हा विचार कर."

तिनं पुन्हा दक्षिणच दाबली. पुन्हा "अंहं." तिसऱ्यांदा आवाज आला तशी ती टॅबला म्हणाली, "नाना, तुम्हीच करा ना इचार!" वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "तू टॅबपेक्षा हुशार शे का वं?"

"बाहेर चला, दाखाडस," ती म्हणाली.

तिची भानगड अशी होती. मधल्या सुट्टीत खिचडी खायला ती झेंड्याच्या ओट्याजवळ बसायची. सावली सापडावी म्हणून खांबाच्या शाळेकडच्या बाजूला ताट मांडायची, आणि ऊन नेमकं तिथेच यायचं. सावली उलट्या बाजूला, पाण्याच्या टाकीकडे पडायची. टाकी गावाच्या दक्षिणेला आहे. आम्ही सगळे बाहेर गेलो. झेंड्याच्या ओट्यावर चप्पल घालून चढायचं नाही हा आमच्याकडच्या शाळांचा पक्का नियम, म्हणून तिनं चपला काढल्या. फरशी भाजत होती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत खडूनं सावलीच्या टोकाला खूण करत होती, आणि मला एकदम अमळनेरची गच्ची दिसली. तोच नाच, तेच भाजके पाय.

सावली जेमतेम वीतभर होती. टाकीच्या बाजूला.

"खांब वाकडा व्हई," तो मागच्या बाकावरचा म्हणाला. चांगला आक्षेप होता. शाळेच्या नव्या संडासाचं बांधकाम चालू होतं, तिथून ओळंबा आणला. खांब सरळ निघाला. मग कसाले दर थोड्या वेळानं खुणा करत राहिली. शाळा सुटेपर्यंत खडूच्या खुणांची एक रांगच झाली, आणि ती सगळी खांबाच्या टाकीकडच्या अंगानं गेली होती. भर दुपारच्या खुणेएवढी सुतळी मोजून तिनं गाठ मारली आणि ती सुतळी कंपासपेटीत ठेवली.

मी शाळेबाहेर आले आणि तिथूनच नानांना फोन लावला. सगळं ऐकून ते इतके मोठ्यानं हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"ही पोरगी आपली आहे!"

"मग टॅबमधलं चुकलंय, नाना."

हसू आवरून ते म्हणाले, "चुकलंय. मूळ तिकडचं, त्यांच्याकडं सूर्य कधी डोक्यावर येतच नाही, सावली बारा महिने उत्तरेलाच. 'तुमच्या शाळेच्या अंगणातल्या' हे शब्द मी घातले, आपलं वाटावं म्हणून. आणि पुढचं तपासायचं राहिलं." मग त्यांचा आवाज चढला, जुन्या पत्रकांसारखा. "धुळ्याला आपल्या टॅबचा कार्यक्रम आहे, तिला आण. पडद्यावर ती दक्षिणच दाबू दे. टॅब चूक म्हणेल, आणि मी माइक घेऊन सांगेन, चूक टॅबची आहे, आणि ती या पोरीनं झेंड्याच्या खांबाजवळ पकडली. याच्यापेक्षा मोठं विज्ञान काय असतं?"

मी हे तिला जसंच्या तसं सांगितलं. तिनं ते वर्गाला सांगितलं, गल्लीला सांगितलं. पोरं चिडवायला लागली की ती फक्त एवढंच म्हणायची, "नाना सांगतीन ना." तिनं आपली सगळी पत त्या एका माणसाच्या शब्दावर लावली होती. मी तर लहानपणापासूनच लावलेली होती, मला त्यात काही धोका दिसला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी बाई, कसाले आणि मी एसटीनं धुळ्याला गेलो. तिनं वेणीला नवी रिबिन लावली होती, आणि सुतळी कंपासपेटीतून काढून मुठीत धरली होती. डब्यात कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. सोनगीरच्या पुढे तिनं विचारलं, "ताई, नाना टॅबसारखाच बोलतस का?"

"त्याच्यापेक्षा छान."

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत वरून आलेले पाहुणे, मागे वेगवेगळ्या शाळांचे शिक्षक. स्टेजवर भिंतीएवढा पडदा, बोट लावलं की चालणारा. नाना पांढऱ्या शर्टात, खिशावर बिल्ला. त्यांनी कसालेला बघून डोक्यावर हात ठेवला. "आलीस का? घाबरायचं नाही." ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. टॅबला माणसाचं तोंड असतं हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

तिचं नाव पुकारलं गेलं. ती स्टेजवर गेली, सूर्य सरकवला, जून महिना लावला. प्रश्न आला. तिनं मान वळवून नानांकडे पाहिलं, आणि अगदी ठामपणे दक्षिण दाबली.

"अंहं. पुन्हा विचार कर," नानांचा आवाज सगळ्या सभागृहात घुमला. लोक हसले, वाईट हेतूनं नाही, लहान मुलाला हसतात तसे. तीही हसली. कारण तिला पुढचं माहीत होतं.

नाना उठले. माइक हातात घेतला. मी स्टेजच्या पायरीशी उभी होते.

"बघा," नाना पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "मुलांच्या मनात अशा चुकीच्या कल्पना घट्ट बसलेल्या असतात. फळ्यावर शिकवून त्या जात नाहीत. इथे मात्र चूक केली की त्याच क्षणी कळतं. हीच या तंत्राची ताकद आहे." मग तिच्याकडे वळून, तोच गोड आवाज, "हं बेटा, आता नीट विचार कर."

ती हलली नाही. मुठीतली सुतळी तिनं थोडी वर धरली, त्यांना दिसेल अशी. नानांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच तिला पडद्याजवळ सरकवलं. मी खालून ओरडले, "नाना, सांगा ना!" त्यांनी ऐकलं. त्यांची मान किंचित वळली, एवढं मी शपथेवर सांगेन. पण ते परत पाहुण्यांकडे वळले. तिनं उत्तरेकडच्या खुणेवर बोट टेकवलं. "शाब्बास!" पडदा म्हणाला, त्याच्यावर फुगे उडाले, आणि टाळ्या पडल्या.

मी नानांना जेवणाच्या वेळी गाठलं, सभागृहाच्या मागे, हातात ताट घेऊन उभे असताना.

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता." ते माझ्याकडे बघत नव्हते. "समोर कोण बसलं होतं बघितलंस ना? पुढच्या वर्षी आणखी शाळा घ्यायच्या की नाहीत ते आज ठरत होतं. तिथं उभं राहून मी म्हणू, यात चूक आहे?"

"आहे तर म्हणायचं. एकच चूक आहे."

"एक चूक ऐकून घ्यायला लोक थांबत नाहीत, पोरी. सगळंच खोटं म्हणून उठून जातात. जन्मभर पत्रकं वाटली मी. माझा आवाज अमळनेरच्या स्टँडच्या बाहेर गेला नाही. आता गावागावांत जातोय. तो मी एका सावलीपायी बंद पाडू?"

"त्या आवाजात तुम्ही खोटं बोलताय."

त्यांना ते लागलं. ताटातली भाजी ते चमच्यानं इकडून तिकडे करत राहिले. मग एकदम सुटकेचा रस्ता दिसल्यासारखे म्हणाले, "आणि असे किती दिवस राहिलेत? सूर्य परत फिरेलच. जुलै संपेपर्यंत सावली सातपुड्याकडं वळते. मग टॅब बरोबरच आहे की."

अंधश्रद्धेच्या बाजाराविरुद्ध लिहिणारा माणूस, बुवा-महाराजांना भर चौकात प्रश्न विचारणारा माणूस, सूर्य येऊन आपली बाजू सावरेल म्हणून वाट बघत होता. त्यांना माहीत नसतं तर मी भांडले असते, समजावलं असतं, पुन्हा पाइप उभा केला असता. पण सावली कुठल्या आठवड्यात फिरते हेसुद्धा त्यांना माहीत होतं. मला ते त्यांनीच शिकवलं होतं.

"आणि ती मुलगी?"

"पोरं विसरतात," नाना म्हणाले, आणि कोणीतरी हाक मारली म्हणून गेले.

बाहेर ढग फाटून ऊन पडलं होतं. कसाले सभागृहाच्या आवारातल्या झेंड्याच्या खांबाशी उभी होती, बाई तिला जेवायला चल म्हणून सांगत होत्या. तिनं सुतळी ओट्यावर सावलीला लावून बघितली. धुळ्यातही सावली दक्षिणेलाच होती. नाना पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला निघाले होते. ती पळत गेली. "नाना, देखा ना, आठे बी तशीच शे!" नानांनी तिच्या गालाला हात लावला, "हो हो, हुशार आहेस," म्हणाले आणि खांबाकडे न बघता पुढे गेले. खांब त्यांच्या वाटेवरच होता. मान वळवली असती तरी पुरलं असतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. डबा उघडलाच नाही. सोनगीर मागे पडल्यावर तिनं विचारलं, "ताई, नानाले माहीत नव्हतं का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. नव्हतं म्हण, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. म्हातारे आहेत, गडबडले, विसरले. सहज खपलं असतं. पण मग माझ्यात आणि त्या पडद्यात फरक काय राहिला असता?

"माहीत होतं," मी म्हणाले.

ती बोटाला सुतळी गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मंग कसाले?"

तिच्या या प्रश्नावर मी नेहमी काहीतरी सांगायचे. त्या दिवशी चिमठाणं येईपर्यंत मी वरच्या कार्यालयाला पाठवायच्या पत्राच्या ओळी वहीत लिहून काढल्या.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. वरच्या कार्यालयात लेखी कळवलं, 'सूचनेची दखल घेतली आहे' असं आलं. मग मी पत्रक काढलं. जूनमध्ये झेंड्याच्या खांबाजवळ जा, चपला काढा, खडूनं खूण करा, असं साधं, एका पानाचं, आणि माझ्या सगळ्या शाळांत वाटलं. छापायला देताना सवयीनं डोक्यावर नानांची ओळ लिहिली. 'कुणी सांगितलं म्हणून नव्हे.' ती ओळ मी पुसली. ज्यानं ती दिली त्यानंच तिला वाऱ्यावर सोडलं होतं, आणि तिच्याशिवाय पत्रक कसं सुरू करतात ते मला माहीत नव्हतं. डोकं कोरंच ठेवून छापलं. अमळनेरला गेले की समोरच्या घराकडे बघत नाही. काकू अंगणातून हाक मारतात, "रागावलीस का गं?" मी हातानं नमस्कार करते आणि आत जाते. बोलायला लागले तर काय काय बोलेन याची मला भीती वाटते.

जुलैभर ढग होते. ते हटले तेव्हा मी पेटी घेऊन पुन्हा त्या गावात गेले. सुट्टीत कसाले ओट्यावर चढली, चपला काढून. सावली खांबाच्या शाळेकडच्या बाजूला आली होती, सातपुड्याच्या दिशेनं. अगदी नाना म्हणाले होते तशी. मागच्या बाकावरचा तो पोरगा टाळ्या पिटत म्हणाला, "देख वं, टॅबच खरा निंघना!"

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. "आते खरा शे," ती म्हणाली. "तवय, जूनमा, नव्हता."

वर्गात तिनं तो खेळ काढला. सूर्य सरकवला, महिना ऑगस्ट लावला. प्रश्न येण्याच्या आधी थांबून माझ्याकडे बघितलं.

"ताई, आवाज बंद करी देऊ का?"

"कर," मी म्हणाले.

तिनं आवाज शून्यावर आणला आणि मग उत्तरेकडच्या खुणेवर बोट टेकवलं. पडद्यावर फुगे उडाले. आत नाना काहीतरी म्हणाले असतील.